दप्तर एक, हात अनेक

'दप्तर' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूत दफ्तर म्हणजे कचेरी. मराठीत येताना या शब्दाचा अर्थ थोडा सरकला. मराठीत दप्तर म्हणजे कचेरीतील कागदपत्रांचा साठा. शाळेत जाणारे मूल वह्यापुस्तके ज्या पिशवीत नेते, तेही दप्तरच. पुण्याच्या पेशवे दप्तरात मराठ्यांच्या राज्यकारभाराचे असंख्य कागद आजही जपून ठेवलेले आहेत. ते कापडात बांधलेले असतात आणि अशा एका गाठोड्याला 'रुमाल' म्हणतात. 'रू' म्हणजे चेहरा, हे तुम्हांला ठाऊक आहे. चेहरा पुसण्याचे हे कापड मराठीने कागदांना बांधले!

जुन्या दप्तराची रीत साधी होती. कागद एकाच जागी राही. ज्याला तो पाहायचा असेल, तो तेथे जाई. बाहेर द्यायची ती नक्कल. अस्सल कागद जागेवरच. 'अस्सल' आणि 'नक्कल' हे शब्दही अरबी-फारसीतूनच मराठीत आले आहेत. कचेरीत संगणक आले, तेव्हा ही साधी रीत काही काळ विसरली गेली. प्रत्येकाच्या टेबलावर एक स्वतंत्र दप्तर तयार झाले. त्यातून कसा गोंधळ होतो आणि तो टाळण्यासाठी काय करतात, ते आपण पाहू.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका शाळेच्या कार्यालयात तीन संगणक आहेत. एक मुख्याध्यापकांच्या खोलीत, दुसरा लिपिकाच्या टेबलावर आणि तिसरा परीक्षेचे काम पाहणाऱ्या शिक्षिकेकडे. दहावीच्या विद्यार्थ्यांची यादी करायची आहे. यादीत प्रत्येकाचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख लिहायची. हीच माहिती पुढे परीक्षा मंडळाच्या अर्जात भरली जाते आणि गुणपत्रिकेवर छापून येते.

काम सोपे वाटते; पण एखाद्या मुलाचे नाव कोणी 'मोहम्मद' लिहितो, कोणी 'मुहम्मद', तर कोणी 'मोहंमद'. इंग्रजीत लिहिताना तर आणखी तीनचार तऱ्हा होतात. उर्दूत हे नाव एकाच प्रकारे लिहिले जाते, त्यामुळे घरी कोणाला अडचण जाणवत नाही. मात्र गुणपत्रिकेवर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि जन्मदाखल्यावर तिसरे असले, की महाविद्यालयातील प्रवेश, शिष्यवृत्ती, पासपोर्ट अशा प्रत्येक दारी थांबावे लागते. शाळा सोडल्यानंतर ती चूक दुरुस्त करणे फार खटपटीचे होते.

आता पाहा. लिपिकाने यादी तयार केली आणि पेन ड्राइव्हवर घालून शिक्षिकेला दिली. शिक्षिकेने सात नावे दुरुस्त केली. त्याच दिवशी लिपिकाने तीच यादी ईमेलने मुख्याध्यापकांकडे पाठवली होती. त्यांनी दोन जन्मतारखा सुधारल्या. संध्याकाळी कार्यालयात एका यादीच्या तीन याद्या झाल्या होत्या. लिपिकाच्या यादीत एकही दुरुस्ती नाही. शिक्षिकेच्या यादीत तारखा चुकीच्या आणि मुख्याध्यापकांच्या यादीत नावे चुकीची. तिघांनीही आपले काम नीट केले, तरी एकही यादी पूर्ण बरोबर नाही. अर्ज भरायला बसलेल्या माणसाने यांतली कोणती उघडायची? फाइलींची नावे पाहावीत, तर एक 'दहावी यादी अंतिम', तिच्याशेजारी 'दहावी यादी अंतिम २' आणि तिच्याखाली 'दहावी यादी खरी अंतिम'!

हा गोंधळ पेन ड्राइव्हच्याही आधीचा आहे. १९९० च्या सुमारास कार्यालयांत फ्लॉपी वापरत. साडेतीन इंचांची ती चौकोनी तबकडी असे आणि तिच्यात जेमतेम १.४४ मेगाबाइट माहिती मावे. आज फोनवर काढलेले एक छायाचित्रही तिच्यात मावणार नाही. एका टेबलावरची फाईल दुसऱ्या टेबलावर पोचवायची, तर कोणीतरी फ्लॉपी हातात घेऊन चालत जाई. खेळताना घालायच्या बुटांना इंग्रजीत 'स्नीकर' म्हणतात. त्यावरून लोकांनी या पद्धतीला थट्टेने 'स्नीकरनेट' असे नाव दिले. आपल्याकडे तिला चपलांचे जाळे म्हणता आले असते.

चपलांच्या या जाळ्यातून काय होऊ शकते, ते इंग्लंडमध्ये २००७ साली दिसले. तेथील करखात्याने सरकारी हिशेब तपासणाऱ्या कार्यालयाकडे माहिती पाठवायची होती. मुलांसाठी सरकारी भत्ता घेणाऱ्या कुटुंबांची ती माहिती होती. तपासनिसांनी मोजकीच माहिती मागितली होती. बँकेचा तपशील त्यांना नकोच होता. पण नको तो भाग वगळण्याची खटपट न करता सगळी माहिती दोन तबकड्यांवर उतरवली गेली. सुमारे अडीच कोटी माणसांची नावे, पत्ते, जन्मतारखा आणि कित्येकांच्या बँकखात्यांचे क्रमांक त्यांत होते. १८ ऑक्टोबर २००७ रोजी त्या तबकड्या साध्या टपालाच्या पाकिटात घालून रवाना झाल्या. पोचपावतीची सोय नव्हती. त्या लंडनला पोचल्याच नाहीत आणि पुढेही त्यांचा शोध लागला नाही. २० नोव्हेंबरला अर्थमंत्र्यांनी ही गोष्ट पार्लमेंटात सांगितली आणि त्याच दिवशी करखात्याच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

माहिती एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नेण्याऐवजी, सर्व संगणकांनाच एका ठिकाणी का आणू नये? सामाईक ड्राइव्हची कल्पना हीच आहे. 'सामाईक' म्हणजे अनेकांच्या मालकीचे किंवा वापराचे. सामाईक विहीर, सामाईक भिंत असे आपण म्हणतो, तसाच हा सामाईक ड्राइव्ह.

त्याची रचना समजायला अवघड नाही. कार्यालयातील एका संगणकाला साठ्याचे काम दिलेले असते. त्याला सर्व्हर म्हणतात. लहान कार्यालयात यासाठी एक छोटी पेटीही पुरते. तिच्यात दोनचार हार्ड डिस्क बसवलेल्या असतात. बाकीचे संगणक तारेने किंवा वायफायने या सर्व्हरला जोडतात. असे संगणक तारेने जोडण्याची 'इथरनेट' ही पद्धत अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात १९७३ साली रॉबर्ट मेटकाफ यांनी सुचवली. आजच्या कार्यालयांतील तारा तिच्याच वंशातल्या आहेत.

जोडणी झाली, की सर्व्हरवरील कपाट प्रत्येकाच्या पडद्यावर एका अक्षराच्या नावाने दिसू लागते. विंडोजमध्ये 'ए' आणि 'बी' ही अक्षरे पूर्वी फ्लॉपीसाठी राखलेली असत. 'सी' म्हणजे संगणकाची स्वतःची डिस्क. सामाईक ड्राइव्हला अक्षर द्यायला गेलो, की विंडोज शेवटून सुरुवात करते आणि 'झेड' हे अक्षर पुढे करते. लिपिकाने 'झेड' उघडला, की त्याला वाटते फाईल आपल्याच संगणकात आहे. प्रत्यक्षात ती शेजारच्या खोलीतील पेटीत असते. फाईल उघडली, की तिच्यातील माहिती तारेवरून येते; जतन केली, की तारेवरून परत जाते.

एक गोष्ट मात्र नवख्या माणसाला चकवते. ही अक्षरे ज्याच्या त्याच्या संगणकापुरती असतात. लिपिकाचा 'झेड' हा शिक्षिकेच्या संगणकावर 'वाय' असू शकतो. म्हणून 'फाईल झेडमध्ये ठेवली आहे' एवढे सांगणे पुरत नाही. सर्व्हरचे नाव आणि दालनाचे नाव सांगावे. आणि 'फाईल माझ्या डेस्कटॉपवर आहे' असे सांगण्याला तर काहीच अर्थ नाही. ते स्वतःच्या खिशातला कागद दुसऱ्याला शोधायला सांगण्यासारखे आहे.

निरनिराळ्या जातींचे संगणक एकमेकांशी बोलतात कसे, याचीही एक गंमत आहे. फाइलींची देवाणघेवाण करताना संगणकांना ठरावीक भाषेत बोलावे लागते. विंडोजच्या जगात ही भाषा 'एसएमबी' या नावाने ओळखतात. १९९१ च्या अखेरीस ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी होता. त्याचा स्वतःचा संगणक एका प्रकारचा, तर विद्यापीठातील मोठा संगणक दुसऱ्या प्रकारचा. दोघांची बोलणी तारेवर कशी चालतात, हे बारकाईने पाहून त्याने मोठ्या संगणकासाठी एक कार्यक्रम लिहिला आणि तो सर्वांना फुकट दिला. पुढे त्याचे नाव बदलण्याची वेळ आली. तेव्हा एस, एम, बी ही तीन अक्षरे याच क्रमाने असणारे शब्द त्याने शब्दकोशात शोधले. त्यांत एका नृत्याचे नाव सापडले, सांबा. कार्यालयांतील अनेक छोट्या साठापेट्यांत आजही हाच सांबा काम करतो.

आता आपल्या यादीकडे येऊ. यादी एकच आणि ती 'झेड' ड्राइव्हवर, 'परीक्षा' या दालनात ठेवलेली आहे. शिक्षिकेने ती उघडली. त्याच वेळी मुख्याध्यापकांनीही उघडली, तर काय होईल? त्यांच्या पडद्यावर सूचना येईल, की ही फाईल अमुक व्यक्ती वापरत आहे. आपल्याला ती फक्त वाचता येईल. हे एक प्रकारचे कुलूप आहे. ज्याने फाईल आधी उघडली, त्याच्याकडे किल्ली. त्याने बंद केली, की किल्ली पुढच्याला मिळते. एका वहीत दोघांनी एकाच वेळी लिहू नये, एवढीच यामागची कल्पना.

कुलूप चांगले, पण माणसे उतावीळ असतात. फाईल उघडी ठेवून कोणी जेवायला गेले, की बाकीचे खोळंबतात. मग कोणीतरी कंटाळून तीच फाईल दुसऱ्या नावाने जतन करते आणि तिच्यात दुरुस्त्या करते. झाले! पुन्हा एकीच्या दोन याद्या. ज्या रोगासाठी औषध घेतले, तोच रोग परत. अशा वेळी सोपा उपाय म्हणजे उठून त्या माणसाला हाक मारणे. शिवाय साध्या मजकुराच्या काही फाइलींना असे कुलूप लागतच नाही. तेथे जो शेवटी जतन करतो, त्याचाच मजकूर उरतो आणि आधीच्या माणसाची मेहनत मुकाट्याने पुसली जाते. अलीकडे इंटरनेटवरील ड्राइव्हवर अनेक जण एकाच वेळी एका कागदावर लिहू शकतात आणि कोणी काय बदलले, तेही दिसते. मोठीच सोय आहे ती. मात्र इंटरनेट बंद पडले, की काम अडते. कार्यालयातल्या पेटीला बाहेरच्या जगाची गरज लागत नाही.

कपाट सामाईक असले, तरी त्यातील सगळे कप्पे सर्वांना उघडे नसतात. कोणाला फक्त वाचण्याची परवानगी असते, कोणाला लिहिण्याचीही. शिक्षकांचे पगारपत्रक मुख्याध्यापक आणि लिपिक यांच्यापुरतेच असावे. प्रश्नपत्रिकांचे दालन तर त्याहून जपायला हवे. विद्यार्थ्यांची यादी सर्व वर्गशिक्षकांनी पाहावी, पण बदलावी एकदोघांनीच. ही वाटणी म्हणजे एकमेकांवरचा अविश्वास, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. ज्या दालनात आपल्याला लिहिताच येत नाही, तेथे चूक झाली तर आपल्यावर बोट येत नाही. इंग्लंडच्या त्या तबकड्यांची गोष्ट आठवा. तपासनिसांना हवी तेवढीच माहिती पाहण्याची परवानगी दिली असती, तर पाकीट पाठवण्याची वेळच आली नसती. आणखी एक काम बहुतेक कार्यालये विसरतात. बदली होऊन गेलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाची परवानगी त्याच दिवशी काढून घ्यावी लागते. त्याच्या टेबलाची किल्ली आपण आठवणीने मागून घेतो. पण त्याचा पासवर्ड वर्षानुवर्षे तसाच चालू राहतो.

सामाईक ड्राइव्हवर सर्वांत जास्त गडबड होते ती दोन साध्या गोष्टींनी. पहिली म्हणजे माउसने फाईल ओढणे. विंडोजमध्ये एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर फाईल ओढून नेली, तर तिची नक्कल होते आणि मूळ फाईल जागेवर राहते. परंतु एकाच ड्राइव्हवर एका दालनातून दुसऱ्या दालनात ओढली, तर नक्कल होत नाही. फाईलच तिकडे जाते. बोट जरा घसरले, की 'परीक्षा' हे अख्खे दालन शेजारच्या 'क्रीडा' दालनात जाऊन बसते. मग परीक्षेच्या ऐन दिवसांत ओरड होते, की यादी नाहीशी झाली. ती नाहीशी झालेली नसते, खेळाच्या सामानात सापडते. म्हणून घाबरून जाण्याआधी शेजारची दालने पाहावीत.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. आपल्या संगणकातील फाईल पुसली, तर ती आधी कचरापेटीत जाते आणि तेथून परत काढता येते. सामाईक ड्राइव्हवरील फाईल पुसली, तर ती साधारणपणे तुमच्या कचरापेटीत येत नाही. ती जातेच. सर्व्हर सांभाळणाऱ्याने जुन्या प्रती राखण्याची वेगळी व्यवस्था केली असेल, तरच परत मिळते. जागा रिकामी करण्याच्या उत्साहात कोणी 'जुन्या' फाइली पुसायला बसला, तर त्याला आधी विचारावे, जुन्या कोणासाठी? दुसऱ्याचे काम त्यांच्यावर अडलेले असू शकते. फाइलीच्या नावात 'अंतिम' लिहिण्यापेक्षा तारीख लिहावी आणि तीही आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, अशी. म्हणजे संगणक त्या आपोआप क्रमाने लावतो आणि ताजी कोणती, हे विचारावे लागत नाही.

सर्वांचे सर्व काम एका पेटीत आले, की ती पेटीच बिघडली तर काय, हा प्रश्न उरतो. डिस्क जळते, पाणी शिरते, आग लागते. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली, तेव्हा अनेक खात्यांच्या कागदी फाइली जळाल्या. ज्याची दुसरी प्रत दुसऱ्या जागी होती, तेच वाचले. म्हणून सामाईक ड्राइव्हची एक नक्कल रोज वेगळ्या डिस्कवर घ्यावी लागते. येथे नक्कल शत्रू नाही, मित्र आहे. फक्त तिच्यावर कोणी काम करायचे नाही.

ही नक्कल तारेने जोडलेली ठेवून चालत नाही. का, ते २०१७ साली साऱ्या जगाने पाहिले. त्या वर्षी २७ जूनला युक्रेनमधून एक संगणकीय विषाणू पसरला. त्याला पुढे 'नॉटपेट्या' म्हणू लागले. एका संगणकावरून दुसऱ्यावर जाताना त्याने एसएमबी या आपल्या ओळखीच्या भाषेतील एका उणिवेचाही फायदा घेतला. मेर्स्क ही जहाज कंपनी त्यात सापडली आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरात तिच्या गटाकडून चालवला जाणारा धक्काही ठप्प झाला. कोणत्या माणसाला कोणते दालन उघडता येते, याची नोंद ठेवणारे सुमारे १५० सर्व्हर त्या कंपनीने जगभर ठेवले होते. ते एकमेकांची नक्कल सतत जपत. एक बिघडला तर दुसरा आहे, असा हिशेब होता. पण सगळे एकमेकांना जोडलेले! सगळे एकदमच पुसले गेले. उरला तो फक्त आफ्रिकेतील घाना देशातला एक. विषाणू आला तेव्हा तेथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यातून बाहेर पडलेला होता.

घानाहून लंडनला ती नोंद तारेवरून पाठवायची, तर फार दिवस लागले असते. घानातील कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. शेवटी एक जण डिस्क घेऊन विमानाने नायजेरियाला गेला. तेथील विमानतळावर त्याने ती दुसऱ्याच्या हाती दिली आणि दुसरा ती घेऊन लंडनच्या विमानात बसला. जगातल्या सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक, आणि तिला अडचणीतून काढले ते चपलांच्या जाळ्याने!

आपल्या शाळेच्या कार्यालयात यासाठी विमान लागत नाही. संध्याकाळी काम संपले, की लिपिक एक डिस्क सर्व्हरला जोडतो, नक्कल घेतो, डिस्क काढतो आणि लोखंडी कपाटात ठेवतो. आठवड्यातून एक डिस्क शाळेबाहेर दुसऱ्या सुरक्षित जागी जाते. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरची एखादी फाईल उघडूनही पाहावी. नाहीतर वर्षभर नक्कल घेतली आणि गरजेच्या दिवशी ती उघडलीच नाही, असेही होते.

त्याच लोखंडी कपाटात शाळेचे जनरल रजिस्टर असते. तुम्ही शाळेत दाखल झालात, त्या दिवशी तुमचे नाव त्यात शाईने लिहिले गेले आहे. यादीतील नाव आणि रजिस्टरातील नाव जुळले नाही, तर आधी यादी दुरुस्त होते. रजिस्टर अस्सल आणि 'झेड' ड्राइव्हवरची यादी त्याची नक्कल. दहावीचा अर्ज भरण्याआधी शाळा ही यादी छापून तुमच्या हाती देते आणि सही मागते. तेव्हा सही करण्यापूर्वी स्वतःचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख एकेक अक्षर करून वाचा. चूक दिसली, तर त्याच कागदावर खूण करून वर्गशिक्षकांकडे द्या.